पुन्हा कामावर लागताना: आधी वेळापत्रक, मग बायोडेटा

पावसजवळच्या एका गावातून एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा: वय ३९, शिक्षण बी.कॉम. २००८ ते २०१२ रत्नागिरीत एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम केलं. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी सोडलं, ते सुटलंच. आता मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. घरी सासूबाई आहेत, यजमानांची आंब्याची कलमं आणि एक टेम्पो आहे. "एवढ्या खंडानंतर मला कोण घेणार? सहा महिन्यांचा एखादा मोठा कोर्स करू का? मुलाखतीत या वर्षांबद्दल काय सांगू? आणि पगार किती मागू?"

ताई, तुम्ही चार प्रश्न विचारलेत. पण आपल्याकडचा मालक जिथे अडतो तो प्रश्न पाचवाच आहे. मी रत्नागिरी-चिपळूणकडचे व्यापारी, पतसंस्था आणि सीएंच्या ऑफिसांसाठी माणसं शोधून देते. त्याआधी लोट्याच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. या सगळ्या काळात "मधली दहा वर्षं काय केलंत?" यावर एखाद्या बाईची नोकरी अडलेली मी फार क्वचित पाहिली. काय केलं हे मालकाला ठाऊक असतं, त्याच्या घरातही तेच झालेलं असतं. तो विचारतो, "घर कुठे? येणार कशा? पोरं केवढी?" आणि मनात मोजत असतो: मे महिन्यात ही येईल का, गणपतीत किती दिवस दांडी मारेल, जुलैत पाऊस लागला की "आज जमत नाही" असा फोन येईल का?

पुरुष उमेदवाराला हे कोणी विचारत नाही. मला त्याची चीड येते आणि मी मालकांना तोंडावर बोलूनही दाखवते. पण तुम्हाला येत्या दोन महिन्यांत कामावर लागायचं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर त्याने विचारायच्या आत तुमच्याकडून जायला हवं. तेही "जमवेन हो मी" असं मोघम नको, तारखा-वारांसकट हवं.

हिशेबाच्या कामाचं वर्ष आणि कोकणातलं वर्ष एकमेकांशी कसं भांडतं ते बघा. मार्चअखेर वह्या बंद करायच्या, नेमका तेव्हाच शिमगा, पालखी दारात. एप्रिल-मे म्हणजे आंबा, शाळांना सुट्टी आणि मुंबईची मंडळी घरात. जुलैपासून विवरणपत्रांची घाई सुरू होते, ती लेखापरीक्षणापर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जाते. मधोमध भाद्रपदात गणपती. शिवाय दर महिन्याला ठरलेल्या तारखा: ७ला टीडीएसचा (कापून घेतलेल्या कराचा) भरणा, ११ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २०ला जीएसटीआर-३बी (कर भरायचं विवरणपत्र). आधीच्या संध्याकाळी अकाउंटंट गायब झाला तर मालकाला विलंब शुल्क आणि व्याज बसतं, म्हणून तो घाबरतो. गणपतीच्या सुट्टीची त्याला भीती नसते, त्याच्याही घरी गणपती असतोच. त्याला धास्ती असते ती न सांगता वाढणाऱ्या मागच्या-पुढच्या चार दिवसांची.

म्हणून मुलाखतीत हे वाक्य तुम्ही स्वतःहून म्हणा: "गौरी-गणपतीचे पाच दिवस मला सुट्टी लागेल. आधीच्या आठवड्यात रोज तासभर जास्त बसून मी जीएसटीचं काम पुढे काढून ठेवेन." आकडे तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे बदला. दीड दिवसाचा गणपती असेल तर दोन दिवस म्हणा. असं बोलणारी उमेदवार समोर आली की मालक खुर्चीत सरळ होऊन बसतो, मी पाहिलंय. समोरच्या बाईला कामाच्या तारखा माहीत आहेत हे त्याला त्या एका वाक्यात कळतं. कामाची जाण सिद्ध करायला यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

पण हे बोलण्याआधी घरात ते खरं करून ठेवावं लागतं. तुमच्या बाबतीत सगळ्यात अवघड महिना मे असणार, कारण आंबा तुमच्या घरचाच. काढणीच्या दिवसांत गडी-माणसांचा सकाळचा चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण आजवर कोण करत आलं, हे मला विचारायची गरज नाही. यजमान मनापासून "कर की नोकरी" म्हणत असतील, पण ते बोलताना त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक पावसाळ्यातला रिकामा दिवस असतो. पेट्या भरायच्या दिवसांतली दुपार नसते. ही गोष्ट आत्ताच बोला. त्या सहा-सात आठवड्यांसाठी वाडीतली एखादी बाई पगार देऊन स्वयंपाकाला लावायची, आणि तो खर्च आंब्याच्या हिशेबात धरायचा, तुमच्या पगारातून नाही. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल. पण बायका नोकरी सोडतात ती बहुतेक पहिल्या मे महिन्यात, आणि कारण विचारलं तर "घरचं जरा होतं" एवढंच सांगतात.

सासूबाईंशी बोलतानाही तसंच. "आई, मुलांकडे बघाल ना?" या प्रश्नाला त्या "हो" म्हणतील, आणि पंधरा दिवसांनी दोघींचीही चिडचिड सुरू होईल, कारण "बघणं" म्हणजे नक्की काय हे ठरलेलंच नाही. नेमकं मागा: धाकटा शाळेतून आला की त्याला खायला द्यायचं आणि मी येईपर्यंत बाहेर खळ्यात खेळू द्यायचं, अभ्यास मी आल्यावर घेईन. संध्याकाळचा भात त्यांनी लावायचा, आमटी-भाजी तुम्ही सकाळीच करून जायची. मुलगी आठवीत आहे, तिच्यावरही काहीतरी सोपवा, पण सगळं तिच्यावर नको. आई कामावर गेली म्हणून घरातल्या मुलीने लहान वयात चूल सांभाळायची हा जुना घोळ आहे, आणि मुलगा चौथीत असला तरी स्वतःचं ताट उचलू शकतो. नोकरी लागायच्या आधी पंधरा दिवस हेच वेळापत्रक चालवून बघा. सकाळी साडेनऊला घरातून बाहेर पडायचं आणि साडेसहापर्यंत परतायचं नाही. गोळपच्या वाचनालयात बसा, रत्नागिरीत क्लास लावा, काहीही करा. कुठे अडतं ते तेवढ्यात दिसेल.

आता येण्याजाण्याचं. एसटीत बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची चिंता कमी झाली. प्रश्न वेळेचा आहे. सहाला ऑफिस सुटलं आणि गाडी चुकली की पुढची कधी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून माझा सल्ला ऐकून लोक हसतात, तरी सांगते: बायोडेटा लिहायच्या आधी स्कूटर शिका. शिकाऊ लायसन काढलं की ३० दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी देता येते. पावस ते रत्नागिरी रस्ता चढ-उताराचा आणि वळणांचा आहे, भाट्याच्या पुलावर पावसाळ्यात वारा अंगावर येतो, तेव्हा शिकायचं तर आत्ता कोरड्यात शिका. "माझ्याकडे गाडी आहे, मी चालवते" हे वाक्य आपल्या भागात एखाद्या पदविकेइतकं वजनदार आहे. बँकेत स्लिप भरायला जाणं, सीएकडे फाईल पोचवणं ही कामं अंगावर घेणारा माणूस छोट्या ऑफिसात फार काळ टिकतो.

आता कोर्स. सहा महिन्यांचा मोठा कोर्स नको. तुमच्या कामात काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे आधी पाहू. तुम्ही सोडलंत तेव्हा व्हॅट होता, १ जुलै २०१७पासून जीएसटी आला. तुम्ही टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या ईआरपी ९ आवृत्तीवर काम केलं असणार, आता टॅली प्राइम आहे. पडद्याचा चेहरा बदललाय, पण एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी, ही बटणं जागच्या जागी आहेत. बोटांना ती आठवतात. कितीतरी जणी पहिल्या दिवशी घाबरत बसतात आणि दुपारपर्यंत एंट्र्या मारायला लागतात. टॅली प्राइमची शिकाऊ प्रत फुकट उतरवून घेता येते. तिच्यात फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्या नोंदी होतात, सरावाला तेवढं पुरतं. मुलीच्या शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप घरात असेल तर त्यावर चालेल.

सराव कसा करायचा तेही सांगते. ओळखीच्या एखाद्या दुकानदाराकडून गेल्या महिन्याची वीस-पंचवीस खरेदीची बिलं मागून घ्या, झेरॉक्स चालेल. प्रत्येक बिलावर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक असतो, त्याचे पहिले दोन आकडे बघा. २७ असेल तर माल महाराष्ट्रातला, म्हणजे कोल्हापूरचा असो की मुंबईचा, कर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असा निम्मा-निम्मा पडेल. ३० असेल तर माल गोव्याचा, तिथे पूर्ण आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहाराचा कर). सावंतवाडी-बांद्याकडच्या दुकानांत दोन्ही प्रकारची बिलं एकाच गठ्ठ्यात येतात आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. मग दर तपासा. २२ सप्टेंबर २०२५पासून दर बदलले, बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या, सिमेंट २८वरून १८वर आलं. त्या तारखेआधीचं एखादं बिल आणि नंतरचं बिल शेजारी ठेवून दोन्हींची नोंद करून बघा. हार्डवेअरच्या दुकानात काम केलेल्या बाईला हे दोन दिवसांत जमतं, कारण माल तिला ओळखीचा असतो.

दुसरी नवी गोष्ट कोर्समध्ये सहसा नीट शिकवत नाहीत. २०१२ साली गल्ला रोख होता. संध्याकाळी नोटा मोजल्या, बँकेत भरल्या, पासबुकात एक आकडा. यूपीआय २०१६मध्ये आलं आणि आज दुकानाच्या क्यूआरवर ४० रुपयांच्या खिळ्यांपासून ४० हजारांच्या टाकीपर्यंत सगळं येतं. बँकेच्या उताऱ्यात दिवसाला पन्नास-साठ ओळी. कोणती रक्कम कोणत्या बिलाची, कोणती उधारीपोटी, कोणती मालकाच्या मेव्हण्याने चुकून पाठवलेली, हे जुळवायला चिकाटी लागते. मालकांची सगळ्यात मोठी डोकेदुखी आज ही आहे. एका महिन्याचा बँक उतारा आणि विक्रीचं रजिस्टर घेऊन ताळमेळ बसवायचा सराव केलात, तर मुलाखतीत "बँकेचं मॅचिंग मी करते" एवढं म्हणा. उरलेलं बोलणं तोच करेल.

एवढं सगळं नीट दीड-दोन महिन्यांचं काम आहे. कोर्स लावायचाच असेल तर जीएसटी आणि टॅली प्राइमचा छोटा लावा, आणि फी भरण्याआधी विचारा की खऱ्या बिलांवर सराव देता का. प्रमाणपत्राला आपल्याकडे कोणी फार विचारत नाही. एमएस-सीआयटी झालेलं नसेल तर करून टाका, काही पतसंस्थांत ते लागतं.

बायोडेटात मधल्या वर्षांसाठी एक ओळ पुरे: "२०१२ ते आजपर्यंत: कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीत खंड." संपलं. हल्ली "गृहव्यवस्थापक" किंवा "घराची सीईओ" असलं काहीतरी लिहायची टूम निघालीय, ते वाचून मालक गालात हसतात. त्या काळात हिशेबाशी संबंधित खरंच काही केलं असेल तर मात्र लिहा. बचत गटाचं कीर्दपुस्तक तुमच्याकडे होतं का? शाळा व्यवस्थापन समितीवर होतात का? आंब्याच्या पेट्यांचा, दलालाच्या पट्टीचा (विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचा) हिशेब कोण ठेवतं? तुमच्या प्रश्नात याबद्दल एक शब्द नाही, पण घरात टेम्पो आणि कलमं असताना बी.कॉम. झालेल्या सुनेने वही धरली नसेल यावर माझा विश्वास नाही. वाशीच्या दलालाची पट्टी, त्यातली हमाली-तोलाई, वाहतुकीची वजावट आणि हातात आलेली रक्कम यांचा मेळ घालणं हे अकाउंटंटचंच काम आहे. ते लिहा.

कागदपत्रांकडे आजच बघायला लागा, कारण बायकांचं घोडं इथे सगळ्यात जास्त अडतं. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच काहीतरी. आपल्याकडे लग्नात काहींचं पहिलं नावही बदलतात, मग तर दाखल्यावरची आणि समोर बसलेली बाई एकच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत मिळतो, तो आधी काढा. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन त्याची प्रत जपून ठेवा. पॅन आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर पीएफचं खातंच पुढे सरकत नाही.

पीएफवरून आठवलं. २००८ ते २०१२मध्ये तुमचा पीएफ कापला जात होता का? वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तो लागू असतो, तेव्हा तुमच्या दुकानात नसेलही. पण असेल आणि तुम्ही पैसे काढले नसतील, तर ते बुडालेले नाहीत, त्यावर व्याज चालू आहे. युएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) २०१४मध्ये आले, त्यामुळे तुमच्याकडे फक्त जुना खाते क्रमांक असेल. पगाराची एखादी जुनी स्लिप शोधा. नव्या ठिकाणी पीएफ सुरू झाला की जुनं खातं त्याला जोडून घ्या, कारण पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते आणि त्यात ती जुनी चार वर्षं धरली जातात.

सरकारी नोकरीचं थोडक्यात. राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत खुल्या गटाची वयोमर्यादा साधारणपणे ३८, मागासवर्गीयांसाठी ४३. तुम्ही कोणत्या गटात आहात ते लिहिलेलं नाही, पण खुल्या गटात असाल तर ते दार बंद झालंय. त्याच्या क्लासवर पैसे घालू नका. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमिलेअर दाखल्यासाठी लग्न झालेल्या बाईच्या आई-वडिलांचं उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही, हे अनेकींना माहीत नसतं. नर्सिंग किंवा फार्मसी झालेल्या ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी सगळ्यात आधी आपल्या नर्सिंग किंवा फार्मसी परिषदेकडची नोंदणी चालू आहे का ते तपासावं, नूतनीकरण राहिलेलं असेल तर नोकरी शोधणं नंतर.

आणखी एक. नोकरी हवी असं म्हटल्यावर चार माणसं तुम्हाला कोकम सरबत आणि काजूच्या धंद्याचा सल्ला देतील. चांगला धंदा आहे, करणाऱ्या जणी जोरात करतात. पण तुम्ही नोकरी विचारलीत, पहिल्या तारखेला खात्यात येणारा पगार विचारलात. बाईने काहीही मागितलं की तिच्या हातात लोणच्याची बरणी द्यायची ही सवय मला पटत नाही. घरबसल्या डेटा एंट्रीच्या नावाखाली आधी "डिपॉझिट" मागणाऱ्या जाहिरातींना तर फोनसुद्धा करू नका. पगार देणारा माणूस पैसे मागत नाही.

लाडकी बहीणचे दीड हजार जातील म्हणून नोकरी टाळणाऱ्या बायका मला भेटतात. त्या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तुमच्या घरचं उत्पन्न त्याच्या आत-बाहेर कुठे बसतं ते तुम्हीच बघा. पण ओलांडलं तर ओलांडू द्या.

पगाराचं. "तुम्ही द्याल तो" हे वाक्य तोंडातून येऊ द्यायचं नाही. जाण्याआधी दोन ठिकाणी चौकशी करा: ओळखीच्या पतसंस्थेत क्लार्कला काय मिळतं, आणि बाजारपेठेतल्या दुकानात टॅली करणाऱ्याला काय. त्या दोन आकड्यांच्या मधला आकडा स्वच्छ सांगा. मालक "एवढा खंड आहे, सुरुवातीला कमी घ्या" म्हणेल. कमी घ्यायचं असेल तर तीन महिन्यांपुरतं घ्या आणि तीन महिन्यांनी किती होणार ते नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या. पत्र देत नसेल तर त्याच्या व्हॉट्सअॅपवर स्वतः लिहून पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे अमुक तारखेपासून अमुक पगार." त्याने "ठीक आहे" लिहिलं की पुरे.

आणि सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात विचारायला जाणार असाल तर २० तारखेच्या आत जाऊ नका. तेव्हा तिथे कोणी मान वर करत नाही, तुमचा बायोडेटा फायलींच्या ढिगात जातो. २२ ते २८च्या दरम्यान जा, दुपारी चारच्या सुमारास. गाडी चालवत जा आणि हेल्मेट हातात घेऊनच आत शिरा.